बायका लाजतात म्हणे

कापसाचा भाव पडला त्या साली ती बाई मला यवतमाळच्या एसटीत भेटली. बोंडांनी बोटं चिरलेली, डावा हात छातीवर दाबलेला.

"गाठ आहे, मावशी. आता दुखून राह्यली."

"तुमच्या गावात तपासणीचं शिबिर आलतं ना? तवा काहून नाही दाखवली?" मी खेकसले; गावोगाव फिरणारी नर्स मी.

"ऐन वेचणीत, भरदुपारी शाळेत आलतं. आम्ही समद्या वावरात. रिकामी शाळा पाहून शिबिरवाल्यायनं लिवलं, बायका लाजतात."

मीही आजवर तेच म्हणत आले होते. या जिल्ह्यात कापूस कधी वेचतात हे ज्यांना ठाऊक नाही, ते बायकांचं दुखणं काय शोधणार?

दवाखान्यापाशी ती उतरली. "त्यायले म्हणा, वावरात या," उतरता उतरता म्हणाली. "धुऱ्यावर, बांधापाशी, लाइन लावतो. मग पाहा, कोण लाजते."