बिननावाचा गिलास

सोलापूर स्टेशनात हैदराबादची गाडी लागली तेव्हा निरोपाला अप्पा एकटेच आले होते. माझी आई, अव्वा, आली नाही. तिने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं मात्र पाठवलं होतं. दोन दिवसांपूर्वी मी सलीमशी कोर्टात लग्न केलं होतं. अप्पा खिडकीशी येऊन म्हणाले, "आमचा कुणाच्या धर्माला इरोध न्हाय बघ. पर घरात नको." सलीम खाली उतरून पाया पडायला वाकला तर ते मागे सरकले. माझ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत, घरातून चोरलेला एक स्टीलचा गिलास होता.

सोलापुरात राहिलेल्यांनो, तो गिलास तुम्ही ओळखता. तुमच्याही ओसरीवर तसा होता. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आजोबांचं नाव कोरलेलं असे. दुकानातून नाव घालून घेतल्याशिवाय भांडं घरात येत नसे. फक्त हा बिननावाचा, ओसरीच्या कोनाड्यातला. आमच्या भांड्यांत चुकून मिसळू नये म्हणून.

सलीम दोन घरं सोडून राहायचा. माझ्या भावाबरोबर ओसरीवर गणितं सोडवायला यायचा. अव्वा त्याला त्या गिलासातून पाणी द्यायची. पिऊन झालं की तो स्वतः नळाखाली गिलास धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. "आमी कुणाला पाण्याला न्हाय म्हटलं न्हाय," अव्वा अभिमानाने सांगायची, "आपल्या लिंगायतांच्या वचनांत जातपात न्हाय की." सोमवारी तीच वचनं डोळे मिटून म्हणायची. सलीमच्या घरून आलेला ईदचा शीरखुर्मा हसून घ्यायची आणि त्यांचं दार लागलं की गाईपुढे ओतायची.

हैदराबादच्या फ्लॅटमध्ये मी सामान लावत होते, तेव्हा तो गिलास पाहून सलीमचे डोळे भरून आले. "माझा गिलास आणलास? तुझी अव्वा दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही त्याला." तो खरंच तसं समजत होता! एवढी वर्षं त्याला ती माया वाटली होती. मी गिलास कपाटात ठेवून दिला. मी गिलास आणला होता तो वेगळ्याच कामासाठी. एक दिवस अव्वा माझ्या डायनिंग टेबलाशी बसेल आणि मी तिला याच गिलासातून पाणी देईन. ऑफिसच्या कॅबमध्ये, फ्लायओव्हरवरच्या ट्रॅफिकमध्ये, नऊ वर्षं मी हेच घोटत बसले.

अप्पा गेल्यावर वर्षभराने अव्वा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. मी गिलास भरून तिच्यापुढे ठेवला. तिने तो फिरवून पाहिला. नाव असायचं त्या जागेवरून अंगठा फिरवला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? ती घटाघटा प्यायली, उठली, सिंकमध्ये गिलास धुतला आणि खिडकीत वेगळा पालथा घातला.

तेवढ्यात सलीम बाहेर आला. "अव्वा, तुमी कशाला धुतला? माझाच हाय त्यो. माझ्यासाठी राखून ठेवायच्या की तुमी."

 माझा सूड आधी सलीमला लागणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "जाऊ दे ना, अव्वा दमलीय," मी म्हणाले. पण अव्वा बोललीच.

"मायेनं न्हवता ठेवला, बाबा. आमच्यात मिसळू नये म्हणून ठेवला हुता."

सलीम बाल्कनीत गेला तो जेवायलाही आला नाही. सलीमचा जो समज मी नऊ वर्षं जपला, तो अव्वाने एका वाक्यात मोडला, म्हणून मी तिच्यावर चिडले. आणि तो गिलास टेबलावर मांडणारी मीच होते, म्हणून स्वतःवरही. परत जाताना अव्वाने गिलास मागितला. सलीमने पेपरात गुंडाळून तो दिला.

या दिवाळीला अव्वाने आम्हां दोघांना बोलावलं. सलीम पहिल्यांदाच ओसरी ओलांडून आत आला. मी थेट भांड्यांच्या मांडणीपाशी गेले. गिलासावर सलीमचं नाव घातलेलं दिसलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. वेगळं नाव म्हणजे पुन्हा वेगळा गिलासच. एकेक उचलून पाहिला. सगळ्यांवर आजोबांचं नाव. एकावरची अक्षरं तेवढी नवी, चकचकीत.

"आता हुडकू नगंस," चुलीपाशी बसलेली अव्वा म्हणाली.

सलीमने माजघरातून पाणी मागितलं. अव्वाने हाताला लागला तो गिलास भरून दिला.

ज्यांनी माझ्यासारखंच गाव सोडलं, ते मला विचारतात, गेला का गं राग? नाही गेला. अप्पा हे न बघताच गेले, तेही मी त्यांना माफ केलेलं नाही. त्या दिवशी सलीम पाणी प्यायला, उष्टा गिलास तिथेच जमिनीवर ठेवला आणि भावाशी बोलत बसला. नळाकडे गेला नाही. अव्वाने वाकून तो उचलला आणि आमच्या सगळ्यांच्या खरकट्या भांड्यांत टाकला. घर म्हणतात ते एवढंच असतं. एवढ्यासाठी गेलेली नऊ वर्षं मी सोलापूरला कधी माफ करणार नाही.