शेरूला रक्ताची चटक लावली कुणी?

सकाळच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमचा कुत्रा शेरू आज अचानक कोंबड्यांवर तुटून पडला. त्यातलं ‘अचानक’ चुकीचं आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

आईनं खुराडं उघडलं तेव्हा शेरू मोकळा होता. त्यानं तांबडीची मान धरून ती इतकी झटकली की मुंडकं लोंबायला लागलं. मग दुसरीचं पोट फाडलं. ती आतडी ओढत माझ्या पायाशी येऊन मेली.

बाबांनी बांबू घेतला आणि शेरूचं तोंड फुटेपर्यंत त्याला मारलं.

"आवं, मरंल तो!" आई ओरडली.

"मरू दे! रगताची चटक लागलीय त्याला. रविवारी खोपोलीच्या घाटात सोडून येतो."

"चटक लावली कुणी, बाबा?" मी विचारलं.

दर रविवारी बाबा अंगणातल्या दगडावर कोंबडी कापतात आणि गरम आतडी शेरूपुढे टाकतात. "घे रं, तुझा वाटा!" म्हणतात. आम्ही सगळे हसतो. मीही.

"मग काय उकिरड्यावर टाकू?" बाबा म्हणाले, पण बांबू खाली ठेवला.

मेलेल्या कोंबड्या साफ करायला आई त्याच दगडापाशी बसली. शेरू लंगडत आला आणि रक्ताळलेल्या तोंडानं, शेपटी हलवत, आपल्या वाट्यासाठी बसून राहिला.

तुमच्याकडे कुत्रा आणि कोंबड्या एका अंगणात कशा नांदतात? खरंच सांगा. मला कोंबड्यांना जाळी आणि कापणं शेरूच्या नजरेआड, एवढंच सुचतंय. बाबांनी घाटाचा बेत अजून सोडलेला नाही, म्हणून जाळी मी शनिवारीच लावणार आहे.