सोय

सुनंदा साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात उभी राहून क्षेत्रभेटीच्या पत्रावर शिक्का मारून घेत होते. सोबत जाणाऱ्या शिक्षकांत पहिलं नाव तिचंच होतं. फोन तिच्या मुलाचा होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, कर्जतहून नगरला नेईपर्यंत... ते पत्र मी बाजूला ठेवलं, क्लार्कला दुसरं टाईप करायला सांगितलं, तिच्या नावाच्या जागी माझं नाव घालायला सांगितलं, आणि मग बाहेर येऊन पायरीवर बसले. आता महिना होऊन गेला. तिच्यावर लिहायचं तर तिच्या शिकवण्याबद्दल लिहावं लागेल, आणि ते लिहायचं तर ज्या गोष्टीची मला आयुष्यभर लाज वाटत आली तिच्याबद्दलही लिहावं लागेल. म्हणून इतके दिवस टाळत होते.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. सुनंदा तो विषय शिकवायची. मी इंग्रजी शिकवते आणि मुलांना कंपन्यांत शिकाऊ म्हणून पाठवण्याचं कागदोपत्री काम बघते. पुरुषांनी भरलेल्या स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच बायका, त्यामुळे मैत्री व्हायला दुसरं काही कारण लागलं नाही. ती बुटकी, आवाज मात्र असा की चालू मोटारीवरून पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. फळ्यावर सर्किट काढून नोकरी कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. ज्या जागी आठ तास काढायचेत ती जागा आधी बघा, मग पुस्तक उघडा, असं ती पहिल्याच तासाला सांगायची. सोल्डरिंगचा धडा आला की स्टँडजवळच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, आणि दिवाळीनंतर बस करून नागापूरच्या एमआयडीसीत. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ती फळ्याला हात लावायची नाही. तिथे काम उभ्यानं होतं की बसून, वास कसला येतो, कोण कुणावर ओरडतं, असं एकेकीला उठवून विचारायची. मला हा तास फुकट गेल्यासारखा वाटायचा. पण पुस्तकातलं जे मुली आधी नुसतं पाठ करायच्या, तेच कंपनी बघून आल्यावर भांडून शिकायच्या... आपला जॉइंट तिथल्यासारखा चकचकीत का येत नाही, म्हणून.

तरीही एक गोष्ट दरवर्षी घडायची. बारावी झालेली मुलं कंपनीत टिकायची आणि मुली काही आठवड्यांत घरी परत यायच्या. विचारलं की एकच उत्तर, जमत नाही. स्टाफरूमने त्याचा आपल्यापरीने अर्थ लावून टाकला होता, की मुलींना हे क्षेत्र झेपत नाही. एके वर्षी तर प्राचार्यांनी सरळ सुचवलं की पुढच्या वर्षापासून या शाखेत मुलींना प्रवेशच देऊ नये, जागा वाया जातात. त्याच सुमाराला अश्विनी परत आली. त्या बॅचमधली सगळ्यात हुशार पोरगी. सुनंदाने मला स्कूटरच्या मागे बसवलं आणि आम्ही तिच्या गावी गेलो. अश्विनी अंगणात कांदा निवडत होती. तिची आई म्हणाली, "पोरीला न्हाई जमत, मॅडम. तब्येत लई नाजूक हाय तिची." सुनंदा कांद्याच्या ढिगाशेजारी खाली बसली, दोन कांदे तिनंही निवडले आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती वेळा प्यायचीस गं तिथं?"

अश्विनीने मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "पीतच नव्हते."

मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कांदे निवडायला लागली. सुनंदाने मला शेळ्या बघून यायला सांगितलं. मी गेले. शेळ्यांशी माझं काही काम नव्हतं, पण ती पोर काय सांगणार हे मला न ऐकताच कळलं होतं, आणि ऐकावं लागणार नाही याचं बरं वाटलं होतं. परतताना सुनंदाने मला सगळं सांगितलंच. कंपनीत बायकांची सोय होती, पण तिला कुलूप असायचं आणि किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. तो पुरुष. दरवेळी सगळ्या लाईनीसमोर त्याच्याकडे किल्ली मागायची, मग तो घड्याळाकडे बघणार. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं. शेवटी जळजळ, ताप, आणि घरी आल्यावर त्याचं नाव नाजूक तब्येत.

त्यानंतर सुनंदाच्या प्रत्येक क्षेत्रभेटीत तो प्रश्न ठरलेला. कंपनीचे साहेब यंत्रं दाखवत असायचे आणि ही मध्येच एखाद्या कामगार बाईपाशी थांबून विचारायची, "ताई, पाणी पिता ना?" एका साहेबांना वाटलं मॅडमना तहान लागली, त्यांनी धावत नेऊन कूलर दाखवला. ती बाई मात्र खाली बघून हसली. तिला कळलं होतं. मग सुनंदा साहेबांकडे वळून सरळ शब्दांत, तिच्या त्या आवाजात, विचारायची. आमच्यातली पोरं इकडेतिकडे बघायची, मुली ओढणीत तोंड लपवायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अश्विनीच्या कंपनीत तर तिने कहर केला. साहेबांनी ऑफिसातली पाहुण्यांची सोय दाखवली तर म्हणाली, ही नको, लाईनीवरच्या बायका जातात ती. आणि थेट त्या सुपरवायझरच्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांदेखत तिने किल्ली मागितली. त्याने दिली. परत येऊन त्याच्या टेबलावर ठेवत म्हणाली, "घड्याळ बघितलं का? किती वेळ लागला ते लिहून ठेवा." लाईनीवरच्या बायका हसायला लागल्या. मी त्या वेळी एका खांबावरची सूचना अत्यंत लक्षपूर्वक वाचत होते.

बसमध्ये मी तिला म्हटलं, तुझं बरोबर आहे गं, पण जरा हळू बोलत जा. ती म्हणाली, "सगळ्या हळूच बोलत आल्या, शोभा. म्हणून तर किल्ली त्याच्याकडे राहिली."

कंपनीने तक्रार केली. या मॅडमना परत पाठवू नका, असा प्राचार्यांना फोन आला. स्टाफरूममध्ये ती आली की कुणीतरी विचारायचं, काय साळवे मॅडम, आज कुठं इन्स्पेक्शन? ती म्हणायची, तुमच्याच घरी येते, वहिनींना विचारते. प्राचार्यांनी सांगितलं, माफी मागा, नाहीतर मुलांसाठी ती कंपनी बंद होईल. मला वाटलं आता ही भांडणार. ती लगेच तयार झाली. "मागते की. माफी मागायला काय जातंय?" मला घेऊन गेली, साहेबांसमोर हात जोडून माफी मागितली, चहा प्यायली, आणि निघताना विचारलं, किल्ली आता कुठं असते? साहेबांनी आम्हाला लाईनीपर्यंत नेलं. बायकांच्या रांगेच्या मागे भिंतीत एक खिळा ठोकला होता आणि किल्ली त्याला लटकत होती. अश्विनी पुढच्या महिन्यात परत कामावर गेली. आज ती तिथे लाईन लीडर आहे. मुलींचे प्रवेश बंद करण्याचा विषय नंतर कुणी काढला नाही.

सुनंदाच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत तिच्या मुलाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, व्यवसाय शिक्षणाला प्रत्यक्ष अनुभवाची जोड देणाऱ्या... असं सगळं. समोर अश्विनी बसली होती, मांडीवर तिची मुलगी. ती वाट बघत होती हे मला दिसत होतं. माणसं पुष्कळ होती, पुढच्या रांगेत वडीलधारी मंडळी. मी आभार मानून खाली बसले. बाहेर चपला घालताना अश्विनी शेजारी आली. "मॅडम, किल्लीचं नाही सांगितलं तुम्ही." रागाने नाही, माझ्याकडून राहून गेलं असावं अशा समजुतीने म्हणाली. मी म्हटलं, हो गं, राहिलंच.

मग ठरलेली क्षेत्रभेट मी एकटीने केली. कंपनी नवी होती. सगळं नीट झालं, वेळेवर झालं, सह्या झाल्या, नाश्ता मिळाला. साहेबांनी आमच्या काही मुली शिकाऊ म्हणून घ्यायचं तिथेच कबूल केलं. लाईनीवरच्या एका बाईपाशी मी थांबलेही. तिने हातातलं काम ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, कुठल्या गावच्या तुम्ही? ती म्हणाली, मिरजगाव. मी बरं म्हटलं आणि पुढे गेले. परतीच्या बसमध्ये माझी पाण्याची बाटली काढली तर ती सकाळी भरली होती तशीच होती. मी माझ्या आसपासच्या मुलींना बाटल्या दाखवायला सांगितल्या. त्यांना वाटलं मला प्यायला हवंय. चारी बाजूंनी भरलेल्या बाटल्या पुढे आल्या.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत फोन केला. फोनवर तोंड दिसत नाही, जमेल असं वाटलं. तरी आवाज आपोआप खाली गेला. विचारलं, आमच्या मुली येणार आहेत, तर... लेडीजची सोय आहे ना? पलीकडचे गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "आहे की, मॅडम. सगळी सोय आहे. आणायला-सोडायला बस आहे, कॅन्टीन आहे, काळजीच करू नका." मी त्यांना धन्यवाद दिले आणि फोन ठेवला.

मुली सोमवारी रुजू व्हायच्या आहेत. त्याआधी मला स्वतः त्या कंपनीत जायला हवं, कारण फोनवर माझ्याकडून पुन्हा तेच होईल. आणि फोनचं कशाला, इथेसुद्धा तेच झालं आहे. हा लेख मागे जाऊन वाचला तर दिसलं, की सुनंदा जो शब्द हजार वेळा बोलली तो मी तिच्याबद्दल एवढं लिहूनही एकदाही लिहिला नाही. दरवेळी सोयच लिहिलं. तिकडे गेल्यावर साहेबांना काय विचारायचं ते आता कागदावर तरी नीट लिहिते. तुमच्याकडे बायकांचा संडास कुठे आहे, आणि त्याची किल्ली कुणाच्या हातात असते?

हे वाक्य लिहिण्याआधी मी उठून खोलीचं दार लोटून आले.