जेवणाच्या डब्यातले चौदा दिवे

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. खरं सांगायचं तर विसरायचा प्रयत्न करून पाहिला आहे. खून नव्हता, दरोडा नव्हता. चौदा पितळी दिवे चोरीला गेले होते, एवढंच. अशा गुन्ह्याची बातमी पेपरात आतल्या पानावरसुद्धा येत नाही.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या एका लोहमार्ग पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत, यार्डाच्या अगदी टोकाला, एक आलिशान पर्यटक गाडी उभी होती. एके काळी ती गाडी आमच्या स्टेशनातून जायची तेव्हा आम्हाला बंदोबस्त लागायचा. काचेआड परदेशी पाहुणे जेवत असायचे आणि आम्ही फलाटावर काठी घेऊन उभे. पुढे ती बंद झाली. चालवणाऱ्या कंपनीने तिला त्या टोकाच्या रुळावर आणून सोडलं आणि तिचं काय करायचं ते काही ठरेना. कोणी म्हणे हॉटेल होणार, कोणी म्हणे संग्रहालयात जाणार, कोणी म्हणे भंगारात कापणार. दर दोन-तीन महिन्यांनी साहेबलोक येत, नाकाला रुमाल लावून डबे बघत आणि निघून जात. चाकांना गंज चढला, रुळांमध्ये गुडघाभर गवत वाढलं.

अशाच एका भेटीत कंपनीच्या मॅनेजरला दिसलं की जेवणाच्या डब्यातले भिंतीवरचे सगळे दिवे गायब आहेत. त्याने ठाण्यात येऊन फिर्याद दिली. दाराचं कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ल्या एकाच माणसाकडे असायच्या, गाडीच्या वॉचमनकडे.

मी गुन्हा दाखल करून घेतला आणि पंचनाम्याला आमच्या एका जुन्या हवालदारांना पाठवलं. या हवालदारांची एक खोड होती. डोळ्यांना दिसेल ते सगळं लिहायचे. भिंतीवर पाल असली तर तीही पंचनाम्यात यायची. ठाण्यात सगळे त्यांची टिंगल करत, मीही करायचो. त्या दिवशी त्यांनी सहा पानं माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, "हवालदार, पंचनामा केलाय की कादंबरी लिहिलीय?" ते हसले. मी सही ठोकली आणि कागद फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. स्टेशनाबाहेर चहाची गाडी लावणारा आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, "साहेब, तुमचा तो वॉचमन मोटारसायकलवर पोतं बांधून जाताना मी दोनदा पाह्यलाय. भर दुपारी, ड्युटीच्या टायमाला." झालं. माझ्या डोक्यात गुन्हा तिथेच उघडकीस आला.

वॉचमन चाळिशीचा, नांदगावकडच्या एका खेड्यातला. कंत्राटावर लागलेला. समोर उभा केला तर मान खाली.

"ड्युटी सोडून कुठे जात होतास?"

"कुठंच नाय साहेब. गाडीपाशीच असतोय."

"डब्यात दुसरं कोण जातं?"

"कोन नाय."

खोटं बोलणारा माणूस ओळखायला तीस वर्षांच्या नोकरीनंतर यंत्र लागत नाही. हा दोन्ही उत्तरांत खोटं बोलत होता, आणि ते मला बरोबर कळलं. पण खोटं का बोलतोय, हे मी विचारलंच नाही. चोर आहे म्हणून बोलतोय, असं धरून चाललो.

तीन दिवस त्याला मी ठाण्यात बसवला. कागदावर अटक नव्हती. सकाळी नऊला यायचं, बाकावर बसायचं, मी बोलावलं की आत, संध्याकाळी घरी. मी हात लावला नाही, पण आवाज चढवला, टेबलावर हात आपटले, सगळं केलं. त्याच्या झोपडीची झडती घेतली. शेळ्या आणि गवताचे भारे सोडून काही सापडलं नाही. मी मनात म्हणालो, माल विकून मोकळा झालाय बेटा. त्याची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "साहेब, कंपनीवाले म्हनतात हे सुटले नाय तर दुसरा मानूस लावतो. तुमी काय ते एकदा ठरवा ना." मी तिला म्हणालो, "तुझ्या नवऱ्याला सांग खरं बोलायला." या वाक्याची मला आज लाज वाटते.

त्याच दुपारी वॉचमन फुटला. म्हणजे मला तसं वाटलं. रडत रडत त्याने सांगितलं ते एवढंच की तो ड्युटी सोडून शेळ्यांसाठी गवत कापायला जायचा. पोत्यात गवत असायचं. कंपनीला कळलं तर नोकरी जाईल म्हणून बोलला नाही.

"आणि किल्ल्या?"

तो म्हणाला, "किल्ल्या एका बाबांकडं देऊन जायचो. पन ते चोर नाय साहेब. ते दर मंगळवारी गाडी पुसायला येतात. कोन पगार देत नाय, तरी येतात. त्यांचं नाव मी घेनार नाय."

माझा विश्वास बसला नाही. बंद पडलेली गाडी फुकट पुसायला कोण येतं? थाप मारतोय, असं म्हणून मी उठलो आणि पहिल्यांदा स्वतः गाडीत गेलो. हो, पहिल्यांदा. तीन दिवस मी माणूस तपासत होतो, जागा तपासलीच नव्हती.

बाहेरून गाडीची पार रया गेली होती. जेवणाच्या डब्यात शिरलो आणि थबकलो. टेबलं लखलखीत, काचांवर बोटाचा ठसा नाही, गालिचा झाडलेला. भिंतीवर चौदा ठिकाणी दिव्यांच्या फिकट खुणा. मी वाकून एक खूण पाहिली. दिवा नव्हता, पण त्याचे चारही स्क्रू आपापल्या भोकात बसवलेले होते. दुसरीकडे तेच. चौदाच्या चौदा ठिकाणी तेच. वायरींची टोकंही चिकटपट्टी लावून आत सरकवलेली.

मी यार्डातल्या डबेदुरुस्तीच्या फोरमनला बोलावून घेतलं. त्याने पाहिलं मात्र, हसला. "साहेब, चोर स्क्रू फेकून देतो. हे आमच्यातल्या माणसाचं काम. वस्तू काढली की तिचे स्क्रू त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचे, म्हणजे परत बसवताना अडत नाही. आम्हाला पहिल्या महिन्यात हेच शिकवतात." मग त्याने चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "सगळ्या स्क्रूंच्या खाचा उभ्या आहेत. एका रेषेत. असं करणारा या यार्डात एकच होता."

तो एक म्हणजे निवृत्त झालेला फिटर. सगळे त्याला मिस्तरी म्हणत. ही गाडी चालू होती तोवर जेवणाच्या डब्याची देखभाल त्याच्याकडे होती. आम्ही त्याच्या घरी पोचलो तेव्हा म्हातारा ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. मी दिव्यांचं नाव काढलं. तो घाबरला नाही की दचकला नाही. आत जाऊन त्याने पलंगाखालची ट्रंक ओढली. प्रत्येक दिवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. खिडकी तिसरी, डावी बाजू. खिडकी चौथी, डावी बाजू. पितळ असं चमकत होतं की त्यात माझी टोपी दिसली.

"मिस्तरी, ही चोरी आहे."

"कसली चोरी साहेब? गाडीचं काय ते ठरंना. कापायचं ठरलं तर गॅस कटरवाला दिवा बघत नाय, सरळ चालवतो. म्हटलं काढून ठेवू. गाडी पुन्हा चालू झाली की माझ्या हातानं बसवीन. स्क्रू ठेवलेत ना जागेवर."

"तुमच्या या दिव्यांपायी तो वॉचमन तीन दिवस ठाण्यात बसलाय."

म्हाताऱ्याच्या हातातला दिवा खाली आला. "त्यो? त्याला कशाला धरलाय? अरे देवा." त्याने बायकोला हाक मारली नाही, सदराही बदलला नाही. पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "चला. आधी त्याला सोडा, मग माझं काय लिहायचं ते लिहा."

ठाण्यात वॉचमन बाकावर होता. मिस्तरी आत येताना दिसताच तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, मी नाव घेतलं नव्हतं हां." म्हातारा त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. मला त्या दोघांकडे बघवलं नाही. मी आत जाऊन फाइल उघडली, जबाब लिहायचा म्हणून. वरच हवालदारांचा पंचनामा होता. तिसऱ्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: दिवे आढळून आले नाहीत, मात्र सर्व स्क्रू मूळ जागी बसवलेले दिसून आले. खाली माझी सही.

कायद्याने जे व्हायचं ते झालं. मिस्तरीवर दोषारोपपत्र गेलं, कोर्टाने वय बघून बाँडवर सोडलं. दिवे मुद्देमाल म्हणून आमच्या ठाण्यात जमा झाले, त्याच्या चिठ्ठ्यांवर आमची लेबलं चढली. मधेच एका सकाळी इंजिन आलं आणि गाडी ओढून घेऊन गेलं. कुठे, ते स्टेशनात कोणालाच सांगता येईना. दिवे घेऊन जा म्हणून कंपनीला तीन पत्रं गेली, एकालाही उत्तर आलं नाही. मी चार्ज सोडला तेव्हा यादीत ते चौदाही होते. मिस्तरी प्रत्येक तारखेला मला एकच विचारायचा, "गाडी कुठं हाय, कळलं का?"

निवृत्तीनंतर एका कामासाठी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात गेलो. गेटवर तोच वॉचमन. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहून त्याने सॅल्यूट ठोकला. मी विचारलं, "तुझं नाव तर निघालं होतं त्यातून. मग गाव का सोडलंस?"

"निघालं ना साहेब. पन गावात पोचलं नाय. पोलिसांनी बसवला, हे सगळ्यांला कळलं. सोडला, हे सांगायला कोन येतंय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शिकाऊ अधिकाऱ्यांपुढे भाषण द्यायला मला अधूनमधून बोलावतात, आणि मी तिथे सांगतो की घटनास्थळी आधी स्वतः जा, हवालदाराचा पंचनामा वाचा, खोटं बोलणाऱ्याला खोटं का बोललास ते विचारा. मुलं मान डोलावतात. एक गोष्ट मात्र मी तिथे सांगत नाही, ती इथे सांगतो.

कारखान्याच्या गेटवरच्या त्या भेटीनंतरच्या रविवारी मी वॉचमनच्या गावी गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आठ-दहा जण बसले होते. मी कोण ते सांगितलं, आणि त्या माणसाने काहीही चोरलेलं नव्हतं, चूक आमची होती, हेही सांगितलं. सगळे ऐकत होते. एका वयस्कर शेतकऱ्याने तंबाखू मळता मळता विचारलं, "म्हंजे त्यानं चोरलं नाय, हे तुमाला कवा कळलं?"

"आमच्या कागदावर पहिल्याच दिवशी होतं," मी म्हणालो.

"मग तीन दिवस?"

"मी वाचलं नव्हतं."