नवव्या मजल्याचं ‘येते’

आयुष्यात मी एकच निवडणूक जिंकले, बुकित तिमाहमधल्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, कौन्सिलची. दोन हजार सालानंतरची पहिलीच वर्षं ती. मालकांनी हात वर करून सात जणांना निवडलं आणि कोणालाच नको असलेलं आगसुरक्षेचं खातं माझ्या गळ्यात पडलं. मला मात्र तेच हवं होतं. नवरा जहाजावर इंजिनिअर, मी दिवसभर तांजोंग पगारच्या ऑफिसात, आणि सासूबाई नवव्या मजल्यावर एकट्या. आग लागली तर त्या खाली कशा उतरणार, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नसे.

म्हणून मी फायर ड्रिलचा हट्ट धरला. भोंगा वाजला की दहा मिनिटांत अख्खा ब्लॉक जिन्याने खाली! चेअरमन हसले. रविवार सकाळची झोप कोण मोडणार? पण मी दारोदार फिरले, जिन्यातले चपलांचे स्टँड आणि कुंड्या हलवायला लावल्या, चार शत्रू जोडले आणि प्रत्येक मजल्यावर एक वॉर्डन नेमला. आमच्या मजल्याची वॉर्डन म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली चिनी आंटी. तिने सगळी दारं वाजवायची आणि सगळे निघाले की शेवटी आपण उतरायचं.

पहिल्या ड्रिलला दहा मिनिटं झाली, बारा झाली. सगळे खाली, सासूबाई बाकावर बसून वारा घेतायत, आणि आंटीचा पत्ता नाही. मी धापा टाकत वर गेले, तर ती आमच्या बंद दारासमोर उभी.

"शी से कमिंग, कमिंग. सो आय वेट लाह!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घराबाहेर पडताना सासूबाई सवयीने "येते" म्हणाल्या होत्या, आणि आंटीला कळावं म्हणून त्याचं इंग्रजीही करून दिलं होतं. आंटी शेवटची दारं वाजवायला गेली, तेवढ्यात त्या दार ओढून चालत्या झाल्या.

चेअरमननी स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं. "मॅडम, युअर ओन फ्लोअर ऑल्सो कॅनॉट!" पुढच्या महिन्यात एक संधी, तीही हुकली तर ड्रिल कायमची बंद. मला इतका संताप आला की फोडायला जिन्यातून हलवलेल्या कुंड्याही पुरल्या नसत्या.

घरी येऊन मी सासूबाईंवरच घसरले. "आई, 'गोइंग' म्हणायला काय जातं तुमचं?"

"पोरगा समुद्रावर असताना मी उंबऱ्यात 'जाते' म्हणू? जमायचं नाही."

"अहो, खरी आग असती तर तुमच्या 'येते'पायी ती बिचारी वर जळून गेली असती!"

त्या धड जेवल्याही नाहीत. माझं मलाच वाईट वाटलं. संध्याकाळी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन त्या समोर गेल्या. बराच वेळ त्यांचा आवाज दारापासून लिफ्टपर्यंत जात होता, "येते, येते." मग आंटीचा, "येटे? गो?"

"गो, गो! येते मीन्स गो!"

दुसऱ्या ड्रिलला मी यादी घेऊन खाली उभी होते. आठव्या मिनिटाला जिन्यात आवाज घुमला, "येटे! येटे!" आंटीने अख्ख्या मजल्याला तो शब्द शिकवला होता. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे "येटे" करत उतरत होते. त्यांच्यात सासूबाई. मी त्यांच्या नावापुढे पेन टेकवलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब."

त्या जिन्याच्या दाराकडे बघत राहिल्या. चेअरमन घड्याळाकडे. दहाला अर्धं मिनिट असताना आंटी बाहेर आली, घामाघूम, दोन्ही हात उंचावून. टाळ्यांचा कडकडाट झाला. चेअरमननीही वाजवल्या आणि यापुढे वर्षातून दोनदा ड्रिल होईल, असं तिथेच जाहीर केलं. मी तर आनंदाने ओरडलेच.

तेव्हा कुठे सासूबाईंनी माझा हात सोडला.

"आली बघ ती. आता दोघींच्या नावावर खूण कर."