बिराजदार हॉस्पिटलची पश्चिमेची भिंत

"नकाशा पास केलाय, डॉक्टर. पण जायच्या आधी जरा बसा."

वाघमारे मॅडम असं म्हणाल्या तेव्हा आम्ही उठायच्या बेतात होतो. मॅडम लातूरला बांधकाम परवानगी देणाऱ्या इंजिनिअर. मी आर्किटेक्ट. डॉ. बिराजदार माझे क्लायंट, औशाचे सर्जन. त्यांना हॉस्पिटल बांधायचं होतं, समोरून अख्खं काचेचं. समोर म्हणजे नेमकी पश्चिम.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं.

मॅडमच्या केबिनलाही पश्चिमेला काचच होती. त्यांनी शिपायाला एसी बंद करायला सांगितलं. मे महिन्याची दुपार. बघता बघता डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला.

"मॅडम, लई गरम व्हायलंय. सुरू करा की."

"ऑपरेशन झालेला पेशंट असाच पडला असेल, आणि एसी बंद पडला, तर?"

"बंद कशाला पडंल? जनरेटर हाय."

"जनरेटर डिझेलवर चालतो. कूलिंग टॉवरला पाणी लागतं. ते कुठून आणणार?"

कूलिंग टॉवर म्हणजे मोठ्या एसी प्लँटचा गच्चीवरचा भाग. इमारतीतली उष्णता घेऊन आलेलं पाणी तिथं फवारून गार करतात. त्यातलं काही रोज वाफ होऊन उडून जातं. काच जास्त, तर आत ऊन जास्त. मग प्लँट मोठा, पाणीही जास्त. इमारतींचा एनर्जी कोड यावरच बोट ठेवतो: भिंतीत काच किती असावी, छतातून किती उष्णता आत यावी. पण आमच्याकडे तेव्हा तो सक्तीचा नव्हता. त्याच्या जोरावर फाइल अडवता येत नव्हती, आणि मॅडमनी ती अडवलीही नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही का बोलला न्हाईत?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, पुण्यासारखं पाहिजे."

मॅडम हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. पण पास झालेला नकाशा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बदला."

पश्चिमेला विटांची दुहेरी भिंत आली, मध्ये पोकळी. खिडक्या लहान, छज्जे खोल. गच्चीवर पांढऱ्या टाइल्स. एसीचा लोड इतका उतरला की पाण्याशिवाय चालणारी साधी युनिट्स पुरली. कूलिंग टॉवर नकाशातून गेला. मॅडम सुटीच्या दिवशी स्वतःहून साइटवर यायच्या, पोकळीत सिमेंटचा मसाला सांडला असेल तर तो काढायला लावायच्या, नाहीतर त्यातूनच उष्णता आत उतरते.

हॉस्पिटल सुरू झालं आणि पुढं एका उन्हाळ्यात पुन्हा पाण्याचे हाल झाले. टँकर यायचा भरवसा नव्हता. त्यातच चाकूरहून एक बाई आणली, आतडं फुटलेली. टाकीत होतं तेवढं पाणी हात धुवायला आणि हत्यारं उकळायला पुरलं. थिएटर गार राहिलं. बाई वाचली.

तोवर मॅडमची बदली नांदेडला झाली होती. डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. "मॅडम, तुमच्यामुळं थिएटर चालू राहिलं."

"बरं झालं. गच्चीवरच्या टाइल्स झाडून घेता ना? धूळ बसली की तापतात त्या."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि झाडू घेऊन माणूस वर पाठवला.

फाइल अडवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. सही करून झाल्यावर कामाला लागणाऱ्या या एकट्याच. मी मात्र आता कुठल्याही नकाशात काच दाखवण्याआधी विचारतो, पाणी कुठून आणणार?