बोटांना राख
शेजारी कुणी काजूच्या बिया भाजल्या की तो जळका, घशाला झोंबणारा वास खिडकीतून आत येतो आणि मला मावशीचं मागलं दार आठवतं. आई गेल्यावर मावशी-काकांनीच मला मालवणात वाढवलं. परीक्षा नेमकी काजूच्या दिवसांत यायची. बीचं तेल लागलं की बोटांची सालटी निघतात, म्हणून मावशी मला बियांजवळ फिरकू देत नसे. "तुजी बोटां लिवक व्हयी," म्हणायची आणि काळ्या हातांनी एकटीच ढीग फोडत बसायची. मी सातवी पहिल्या नंबराने पास झाले, आणि दुसरं लग्न केलेले वडील बांद्याहून मला न्यायला आले. "शिकला ता पुरे. काजू फोडूक घरात माणूस नाय." काका म्हणाले, "हायस्कुलात नाव घातलंय मी तिचा." "चेडू माजा आसा," मुलीवर बापाचा हक्क सांगत वडील म्हणाले, आणि काका माझे कपडे पिशवीत भरायला आत गेले. त्या संध्याकाळी मावशीने मला चुलीपाशी बसवलं आणि राखेचं भांडं पुढे सरकवलं. "पयली राख चोळ गो हाताक, तेल लागाचा नाय," म्हणाली. काजू कसा फोडायचा, ते तिने मला तेव्हा पहिल्यांदा शिकवलं. अक्षर माझं अजून सुरेख आहे. लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवर नावं घालायला सगळे माझ्याकडेच येतात.